शेवटच्या सायकलची शिट्टी

मी एक शिट्टी. पितळेची, पोटात लाकडी गोळी असलेली, एका गालावर पोचा पडलेली. 'बोलतेय' म्हणायचाही मला संकोच वाटतो, कारण आजवर मी स्वतःहून चकार शब्द काढलेला नाही. कोणीतरी छातीत हवा भरून मला ओठांना लावायचं, तेव्हा कुठे माझा आवाज निघणार. आज मात्र मला बोलायचंय, आणि तुम्ही मध्ये न बोलता ऐकून घ्यायचंय.

माझा कारखाना कुठे होता ते मला आठवत नाही. आठवतं ते यवतमाळच्या एका खेळसामानाच्या दुकानातलं काचेचं कपाट. एका बाजूला कॅरमच्या सोंगट्या, दुसऱ्या बाजूला बॅडमिंटनची फुलं. आपण एखाद्या रुबाबदार पंचाच्या गळ्यात जाणार आणि मैदान गाजवणार, अशी माझी पक्की समजूत होती. आला तो मात्र खाकी सदऱ्यातला एक उंच माणूस. त्याच्या मिशीत कापसाचा तंतू अडकलेला होता. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं, खणखणीत वाजवलं आणि खिशात टाकलं.

हे देवराव, बाभुळगावच्या कापूस खरेदी केंद्रावरचे चौकीदार. दिवाळी सरली की केंद्राच्या फाटकापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग लागायची. मधूनच कोणी गाडी घुसवली की शिवीगाळ आणि कधीकधी काठ्याही. मग देवराव मला वाजवायचे आणि रांग मुकाट्याने सरळ व्हायची. त्यांची एक सवय होती. वाजवण्याआधी ते मला दोनदा झटकायचे आणि सदऱ्याच्या बाहीला पुसायचे.

शाळा सुटली की त्यांची लेक दीपमाला डबा घेऊन केंद्रावर यायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची.

"बाबा, द्या ना मले वाजवाले."

"हे खेळनं नोय पोरी. आन् वाजवाची तं आंधी झटकाची. थुकीनं भरली का शिट्टी मरते."

एकदाही त्यांनी मला तिच्या हाती दिलं नाही. झटकणं मात्र ती नुसतं बघून शिकली.

पुढे रांग आखूड होत गेली. खरेदी कधी सुरू व्हायची, कधी नाही. एका वर्षी फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच, आणि आतल्या मैदानात काँग्रेस गवत माजलं. देवराव लग्न झालेल्या लेकीकडे राहायला यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला आले. मी दाराजवळच्या खिळ्यावर गेले आणि तिथेच धूळ खात राहिले.

त्या खिळ्यावर माझ्या सोबतीला एक सदरा असायचा. दीपमालाच्या नवऱ्याचा, रोशनचा, फवारणीचा सदरा. रोशन मजुरीने दुसऱ्यांच्या कपाशीवर औषध फवारायचा. घरी आला की सदरा खिळ्याला अडकवायचा आणि मोरीत जाऊन खसाखसा हात धुवायचा. त्या सदऱ्याला सडक्या लसणासारखा, रॉकेल मिसळल्यासारखा वास यायचा. कितीतरी पावसाळे मी त्या वासाच्या अंगाला अंग लावून काढले. गर्दीत उभं करून डोळे बांधले तरी मी तो ओळखीन.

मग ते वाईट वर्ष आलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, आणि वर मारलेलं औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर यायचं. एके संध्याकाळी रोशन भिंतीला धरत धरत घरी आला. तोंडातून लाळ गळत होती आणि दिवा लागलेला असूनही तो म्हणत होता, "अंधार काहून केला?" दवाखान्यात त्याचा जीव वाचला, पण डोळे पहिल्यासारखे झाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. तेव्हा कळलं की दुपारीच त्याला गरगरत होतं. दुसऱ्यांचं काम मोडू नये म्हणून तो एकटाच पायी निघाला होता.

"काहून नाई आवाज देल्ला कोनाले?" दीपमाला त्याच्यावर ओरडली होती. ओरडता ओरडता रडली होती. मी खिळ्यावरून ऐकलं आहे.

सदरा जाळला. वास तेवढा माझ्यात राहिला.

दीपमाला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत शिलाईच्या एका कारखान्यात कामाला होती. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलंय. एकदा तिथे जाड प्लास्टिकचे ॲप्रन शिवायला आले. काम द्यायला आल्या होत्या सुचित्रा मॅडम, बँकेतल्या अधिकारी. दीपमालाने विचारलं, हे कोणासाठी? मॅडम म्हणाल्या, फवारणीच्या मजुरांसाठी. त्यांचा एक सायकल ग्रुप होता. दर रविवारी एका गावाला सायकलने जायचं, ओळखीपाळखीच्या लोकांनी देणगी दिली की त्यातून मास्क, हातमोजे, चष्मे, ॲप्रन घ्यायचे आणि ते मजुरांना वाटायचे.

"मॅडम, मले बी घेता का तुमच्यात? सायकल हाय आमच्या घरी."

सायकल होती, पण कशी? रोशनची जुनी काळी घोडी. कॅरियरवर फवारणीचा पंप बांधून बांधून रंग गेलेला. पहिल्याच रविवारी बाकीच्यांच्या चकचकीत सायकलींशेजारी ती उभी राहिली, आणि पियूष नावाचा एक इंजिनियर तिच्याकडे बघतच राहिला. त्याची स्वतःची सायकल इतकी हलकी की दोन बोटांनी उचलावी. वजन नको म्हणून त्याने स्टँड काढलेलं, घंटीसुद्धा काढलेली.

"मॅडम, या सायकलवर ताई कधी पोचतील?" तो हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "ग्रुप तुटला की काय होते, विसरलो का आपण? मागच्या वर्षी उत्तमसिंग मागे राहिला, ट्रकनं उडवलं, आपल्याला कळलंच नाही. त्यांना म्हणा, बसने या."

तो दुष्ट नव्हता. घाबरलेला होता. पण घाबरलेली माणसं फार टोचून बोलतात, हे मी खरेदी केंद्राच्या रांगेतही पाहिलंय.

मॅडम म्हणाल्या, "मग त्यांनाच शेपूट करू."

उत्तमसिंगच्या अपघातापासून ग्रुपमध्ये ही रीत पडली होती. सगळ्यांत मागच्या सायकलवाल्याला शेपूट म्हणायचं. शेपटाने कोणाच्याही पुढे जायचं नाही आणि शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही. कोणाचं काही बिघडलं की शेपटाने लांब शिट्टी मारायची. ऐकणाऱ्याने पुढच्याला हाक द्यायची, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि सगळ्यांनी मागे फिरायचं. त्यांची प्लास्टिकची शिट्टी फुटली होती. "शिट्टी हाय आमच्या घरी," असं सांगून दीपमाला पळत घरी आली आणि तिने मला खिळ्यावरून उतरवलं.

अशी मी सायकल ग्रुपमध्ये भरती झाले. इतक्या वर्षांनी गळ्यात लटकायला मिळालं, म्हणून त्या दिवशी मी उगाचच जास्त चमकत होते.

कोर्टातून निवृत्त झालेले यज्ञेश्वरकाका बहुतेक वेळा तिच्या जरासे पुढे असायचे. त्यांनी तिला नियम समजावला. पंक्चर, चेन, चक्कर, मागे लागलेलं कुत्रं, काहीही असो, लाजायचं नाही, वाजवायची.

"दुसऱ्याचं झालं तं वाजवीन काका," दीपमाला म्हणाली. "माह्यासाठी नाई वाजवनार. माह्यापायी कोनी थांबलं असं नाई झालं पायजे."

काका हसले. मला मात्र ते वाक्य तेव्हाच खुपलं.

तिने शब्द पाळला. काकांची चेन तर दर रविवारी पडायची, जणू तिलाही सुट्टी हवी असावी. लगेच मी वाजायचे. दीपमालाच्या पोटऱ्या दुखायच्या, दम लागायचा, एकदा तिच्या चपलेचा पट्टा तुटला आणि ती अनवाणी पायाने पायडल मारत राहिली. तेव्हा मी गप्पच होते.

गावात पोचल्यावर गंमत असायची. लोक मास्क घ्यायचे आणि मोटारसायकलच्या आरशाला अडकवायचे. चष्मा मिळाला की आधी फोटो काढायचा. मग दीपमाला पुढे यायची, ॲप्रन चढवायची आणि रोशनची गोष्ट सांगायची. आरशाला लटकलेला मास्क हळूच तोंडावर यायचा. पियूष लांब उभा राहून ऐकायचा. त्यानंतर त्याने तिच्या सायकलबद्दल कधी काही म्हटलं नाही. तिच्याशी बोलायचा मात्र नाही. रस्त्यावर तर तो सगळ्यांत पुढे असायचा आणि मागे वळून कधी बघायचा नाही. मान वळवली की वेग जातो म्हणे.

आणि मग तो रविवार आला. भादव्याचं ऊन होतं. जायचं होतं बाभुळगावला.

सकाळीच रोशन म्हणाला, "नाक वाहून राह्यलं तुयं. आवाजावरूनच समजते. नको जाऊ आज."

"बाबाच्या गावाले जाऊन राह्यले सारे. आज घरी बसू काय?"

देवरावांनी मला बाहीला पुसलं आणि तिच्या गळ्यात घातलं. सर्दी झाली आहे, हे तिने ग्रुपमध्ये कोणाला सांगितलं नाही.

वाटेत एका कडुनिंबाखाली सगळे थांबले. एका अंगाला हापशी, दुसऱ्या अंगाला कपाशी. दीपमाला सर्वांत शेवटी आली. तोंड लालबुंद झालं होतं. ती खाली बसली, आणि काय झालं बघा, पियूष तिच्याजवळ आला.

"ताई, ऊन लागलं तुम्हाला. द्या तो दुपट्टा, भिजवून आणतो."

ती गोंधळलीच. पहिल्या दिवसापासून ज्याची तिला धास्ती होती, तो माणूस तिचा दुपट्टा घेऊन हापशीकडे निघाला होता. तिचे डोळे भरून आले. तिने मान खाली घातली.

मी मात्र बघत होते. पियूषने हापशीचा दांडा हाणला. कोरडी खटखट. त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, निळा ड्रम होता, त्यात प्लास्टिकचा मग तरंगत होता. तो शेतात उतरला, दुपट्टा ड्रममध्ये बुचकळला, जरासा पिळला आणि घेऊन आला.

"थंडगार आहे. बांधा डोक्याला."

तिने हापशीचंच पाणी समजून तो डोक्याला गुंडाळला, मानेभोवती घेतला, टोकं छातीवर सोडली. मी त्या ओल्या कापडाखाली दबले, आणि सडक्या लसणाचा वास आला.

फवारणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या ड्रममध्ये औषध कालवतात. खेड्यातलं लहान पोरही त्याला हात लावत नाही. पियूष यवतमाळच्या फ्लॅटमध्ये वाढलेला. त्याला ड्रम म्हणजे पाणी, आणि वास म्हणजे आजूबाजूच्या शेतांचा. आणि दीपमालाचं नाक बंद!

मी ओरडत होते. खरं सांगते, मी ओरडत होते. काढ ते! काढ ते डोक्यावरून! पण फुंकल्याशिवाय माझा आवाज कुठला? सगळे निघाले. काळी घोडी शेवटी निघाली. मी तिच्या छातीवर आपटत राहिले.

थोडं अंतर ती छान गेली. गुणगुणतही होती. मग तिला घाम सुटला, उन्हाचा नव्हे, गार घाम. तिने तो दुपट्ट्यानेच पुसला. तोंड पुसलं, डोळे पुसले. मला माझ्या पितळेचा राग आला. मला दात असते तर तिला चावले असते.

पुढे काकांचं पांढरं हेल्मेट लहान होत गेलं. तिने जोर लावला, पण पाय थरथरू लागले. ती थुंकली. पुन्हा तोंड भरून लाळ आली, पुन्हा थुंकली. एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत अगदी जवळून गेला आणि घोडी रस्त्याच्या कडेला घसरली.

ती उतरली, की पडली, कोण जाणे. मातीत बसून तिने रस्त्याकडे पाहिलं. दुपारची वेळ, डोक्यावर सूर्य.

"अंधार काहून झाला?" ती पुटपुटली.

आणि तिला कळलं. स्वतःचेच शब्द ऐकून तिला कळलं. तिने दुपट्टा ओरबाडून काढला, नाकाशी धरला, लांब फेकला.

आता वाजव, मी म्हणत होते. तिने मला हातात घेतलंही. आणि खाली सोडलं.

"थांबतीन सारे," ती धापा टाकत म्हणाली. "माह्यापायी... बसतो जराशी. होईन बरं."

अगं बये! त्या क्षणी मला तिचा इतका संताप आला, की काय सांगू. शेपटाच्या मागे कोणी नसतं. दुसऱ्या कोणाचं काही झालं तर बघायला शेपूट असतं. शेपटाचंच झालं तर कोण बघणार? ग्रुपच्या एवढ्या हुशार माणसांत हा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

तिने उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. ती पुन्हा बसली आणि हातांत तोंड धरून राहिली. मग हळूच, जणू समोर रोशनच बसलाय अशा आवाजात म्हणाली, "काहून नाई आवाज देल्ला कोनाले?"

तिने मला उचललं. ओठांत धरलं. फुंकलं.

फस्स झालं. माझ्या पोटात लाळ भरली, गोळी चिकटून बसली. तिने पुन्हा फुंकलं. बुडबुड. तिसऱ्यांदा तेवढंही नाही. मी मेले होते. खरोखर मेले होते, आणि तिचा श्वास संपत आला होता.

तेव्हा तिचा हात आपोआप हलला. झटकलं, पुन्हा झटकलं, बाहीला पुसलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हाताला बाप आठवला.

आणि मी वाजले! पोचा पडलेल्या गालासकट, अंगातल्या सगळ्या पितळेसकट वाजले. केंद्राच्या मैदानात कधी वाजले नाही इतकी लांब वाजले. मग तिचे ओठ सुटले आणि मी मातीत पडले.

पुढे काहीच झालं नाही. वारा तेवढा होता. मला वाटलं, संपलं.

मग लांबून काकांची हाक आली, "थांबाऽऽ!" ती पुढच्याने घेतली, त्याच्या पुढच्याने घेतली, हाक पार टेकाडापलीकडे गेली. मागे वळताना काकांची चेन पडली, आणि त्यांच्याही आधी पोचला पियूष. एवढ्या लांबून तो कसा आला असेल देव जाणे. सायकल त्याने अक्षरशः फेकली.

"ताई! ताई, काय झालं?"

"पानी..." तिला बोलवत नव्हतं. "कोनतं पानी व्हतं?"

"त्या ड्रममधलं..." तो म्हणाला. त्याने स्वतःचे हात पाहिले.

सुचित्रा मॅडमनी एक क्षण घालवला नाही. पिशवीतले मजुरांसाठीचे हातमोजे चढवले, पुरुषांना पाठमोरं उभं केलं, तिचा ओला कुर्ता उतरवला, सगळ्यांच्या बाटल्यांतलं पाणी तिच्या डोक्या-मानेवर ओतलं आणि तिला ॲप्रन गुंडाळला. तो ॲप्रन तिनेच शिवलेला होता. यज्ञेश्वरकाकांनी आपली सायकल रस्त्याच्या मधोमध आडवी टाकली. मागून येणारी यष्टी करकचून थांबली. कंडक्टरने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि पुढची सीट रिकामी केली. बाभुळगावच्या दवाखान्यापर्यंत ती बस कोणत्याच थांब्यावर थांबली नाही.

मला मातीतून उचललं पियूषने. तिथून मी त्याच्या खिशात.

बाभुळगावहून दीपमालाला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. जगेल की नाही, कोणी सांगत नव्हतं. पियूषच्या हातांवर पुरळ उठलं होतं, त्यालाही इंजेक्शन दिलं. तो बाकावरून हलेना. मधूनच उठायचा, नळावर जाऊन मला साबणाने धुवायचा. पुन्हा बसायचा, पुन्हा धुवायचा.

देवराव आणि रोशन आले. रोशन सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. पियूष उभा राहिला.

"मी भिजवला होता दुपट्टा. मीच. मला माहीत नव्हतं."

मला वाटलं, आता रोशन याची गचांडी धरणार. त्याचे हात तसे उठलेही होते. मग तो बाकावर बसला.

"तुले कोन सांगन भाऊ?" तो म्हणाला. "थ्या ड्रमावर काई लिवलेलं थोडीच असते. इख हाय का पानी हाय, दोन्ही सारखंच दिसते."

पियूषने मला देवरावांच्या हातावर ठेवलं. "ताईंनी शिट्टी वाजवली, म्हणून कळलं."

"कोनासाठी?" देवरावांनी विचारलं.

"स्वतःसाठी."

देवरावांनी मला मुठीत घट्ट धरलं. एवढा दांडगा चौकीदार, शंभर बैलांना थोपवणारा. माझ्या अंगावर त्याच्या डोळ्यांतलं पाणी टपटप पडलं. पुसायचं मात्र तो विसरला.

दीपमाला वाचली. दिवाळीनंतर ती परत आली, बारीक झालेली, पण त्याच काळ्या घोडीवर. आता ग्रुपच्या पिशवीत मास्कांबरोबर लाल ऑइलपेंटचा डबा असतो. गावात गेलं की धुऱ्यावरच्या ड्रमांना जाड लाल पट्टा मारायचा. तो रोशन मारतो. ठळक लाल त्याला दिसतो. यज्ञेश्वरकाका त्याला यष्टीने घेऊन येतात आणि रंग कुठे ओघळला ते सांगत बसतात.

मी म्हातारी झाले आहे. माझी गोळी झिजलीय, साबणाने घासून घासून पितळेचा रंग उडालाय. माझी इच्छा एवढीच आहे. तुमच्याही घरात, कामावर, गावात कोणीतरी शेपूट असेल, सगळ्यांच्या मागे राहून सगळ्यांवर लक्ष ठेवणारं. त्याच्याकडे अधूनमधून मान वळवून बघा. वेग गेला तर जाऊ द्या. आणि तुम्हीच शेपूट असाल, तर माझ्यासारखी एखादी जवळ ठेवा आणि स्वतःसाठी वाजवायला लाजू नका.

ग्रुपमध्ये आता नवी रीत आहे. काही बिघडलेलं नसलं तरी रस्त्यावर मैलाचा दगड आला की शेपटाने एक छोटी शिट्टी द्यायची. म्हणजे, मी आहे. पुढच्यांनी घंटी वाजवून उत्तर द्यायचं.

परवाच्या रविवारी पहिला दगड आला. दीपमालाने मला दोनदा झटकलं, बाहीला पुसलं आणि वाजवलं. काकांची घंटी वाजली, मॅडमची वाजली. मग अगदी लांबून, सगळ्यांच्या पुढून, एक जाडजूड ट्रिंग ट्रिंग आली. दोन बोटांनी उचलता येणाऱ्या त्या सायकलच्या दांडीवर पियूषने गावठी दुकानातली वजनदार पितळी घंटी बसवली आहे. ती वाजवताना तो मागे वळून बघत होता.

"हाव भाऊ, हावो मी," दीपमाला स्वतःशीच म्हणाली, आणि पायडल मारू लागली.